मारुती ८०० मुळे खरंच काही बदललं, की उगाच कौतुक? जुन्या गाड्या जास्त दणकट नव्हत्या का?

"दणकट" हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. आमच्या घरात या शब्दावरून पस्तीस वर्षं वाद चालू आहे.

बदललं, लई बदललं. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी हरपाल सिंगांच्या हातात पहिल्या मारुतीची चावी दिली, तोवर आपल्याकडं चॉईस म्हणजे काय तर मॉरिस ऑक्सफर्डवरून काढलेली अँबॅसडर नाहीतर फियाट ११०० ची पद्मिनी. दोन्ही डिझाईनं जुनी, त्यात नंबर लावून वाट बघा. ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची, पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी आली आणि चावी फिरवली की चालू हे लोकांना नवीनच होतं.

आता तात्यांची गाडी. कुठली ते सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती, तात्यांची होती. १९८९ चा मे महिना, ताईचं लग्न, पुण्याला लक्ष्मी रोडवर बस्ता बांधून साताऱ्याला परत निघालो. निघताना मी म्हणालो, तात्या, फॅनबेल्ट ढिला वाटतोय. तर म्हणाले, तू दहावीचं बघ.

खंबाटकी चढताना पुढं मालट्रक, मागं एसटी, भर दुपार. निम्म्या घाटात गाडी झटके देऊन बंदच पडली. आईनं बस्त्याचं गाठोडं मांडीवर घट्ट धरलं, मी उतरून मागच्या चाकाला दगड लावला. बॉनेट उघडलं तर आत नुसती भट्टी. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटलेला, तो तापला की पेट्रोलची आतच वाफ होते आणि मग पंप कितीही हलला तरी पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत, म्हणजे जिथं ते हवेत मिसळतं तिथवर, पोचत नाही. यावर उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. कॅनमध्ये पाणी होतं, फडकं नव्हतं. तात्या ओरडले, "काय बी दे रं!" मी गाठोड्यात हात घातला आणि आहेराचा एक कोरा टॉवेल, लेबलासकट, भिजवून पंपाला गुंडाळला. चर्र आवाज आला. दोनदा वाळला, दोनदा भिजवला, तेवढ्यात एक लाल मारुती पाच माणसं घेऊन शेजारून वर गेली आणि मागच्या काचेतनं एक पोरगं आमच्याकडं बघत राहिलं. तात्यांनी लगेच तोंड फिरवलं. "काडेपेटी हाय ती, पत्रा बघ तिचा." पत्रा पातळ होता, खरंय. पण काडेपेटी वर गेली आणि दणकट गाडी दगडावर उभी.

मारुतीला रेडिएटरचा पंखा इलेक्ट्रिकवर होता, तापली की तो आपला आपण फिरणार. तात्यांच्या गाडीचा बेल्टवर, ट्रकमागं गाडी रांगायला लागली की पंखाही रांगणार, आणि बेल्ट ढिला असला तर मग बोलायलाच नको.

हां, हेही खरं की जुनी गाडी गावातला कुठलाही मिस्त्री पाना-पक्कड घेऊन उभ्या उभ्या दुरुस्त करायचा आणि पुढच्या सलग सीटवर तीन माणसं आरामात बसायची. आणि बेल्ट वेळेवर बदलणाऱ्यांच्या गाड्या घाट चढतच होत्या, नाही असं नाही.

तुम्ही हौस म्हणून जुनी गाडी घेणार असाल तर खुशाल घ्या. फॅनबेल्ट बघा, डिकीत पाण्याचा कॅन ठेवा आणि घरचं फडकं ठेवा, आहेराचं नको. कारण लग्नात टॉवेल-टोपी वाटताना एक टॉवेल कमी पडला आणि नेमके थोरल्या आत्याचे यजमान राहिले. त्यांना आम्ही मामाच म्हणतो. मामा नुसती टोपी घेऊन न जेवता उठले, ते अजून आमच्याकडं पाण्याच्या घोटापुढं जात नाहीत. तात्यांनी सगळ्या भावकीत सांगितलं की पोरानं मोजायला चूक केली.

मामा, तुमचा नातू हे वाचून दाखवील म्हणून लिहितो. मी एक्कावन्न बरोबर मोजले होते. तुमचा टॉवेल पुढं चार वर्षं तात्या गाडीची काच पुसायला वापरत होते.