वाचक विचारतात : घरच्या वायफायची दोन कुलपं

प्रश्न : मुलगा आणि सून दोघंही घरून काम करतात. वर तीन मुलं भाड्यानं राहतात, त्यांनाही आमचंच वायफाय दिलंय. पासवर्ड म्हणून यांचा मोबाईल नंबर ठेवलाय. मुलगा म्हणतो, ‘आई, ऑफिसचं व्हीपीएन आहे, कशाला काळजी?’ खरंच नको का?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : व्हीपीएन झाकतं ते लॅपटॉपपासून ऑफिसपर्यंतच्या रस्त्याला. राऊटर, तुमचा फोन आणि टीव्ही त्यात येत नाहीत. मोबाईल नंबर दहाच आकडी, तोही ६ ते ९ नं सुरू होणारा. फोन वायफायला जोडला जातानाचे संदेश कुणी टिपले, की चांगल्या ग्राफिक कार्डाचा संगणक असे सगळे नंबर काही तासांत लावून बघतो. एवढी खटपट कोण करतंय म्हणाल, तर यांचा नंबर दूधवाल्याकडेही असतोच की! एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा, तो पासवर्ड.

राऊटरला पासवर्ड दोन असतात, हे बहुतेकांच्या गावी नसतं. एक वायफायचा, दुसरा सेटिंगच्या पानाचा. दुसरा बऱ्याचदा ‘ॲडमिन’च राहिलेला असतो. तो ज्याच्या हाती लागला, तो घरातल्या सगळ्या यंत्रांचा इंटरनेटचा रस्ता परस्पर वळवू शकतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (काहींचा १९२.१६८.०.१, खालच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो) आणि आधी हा दुसरा पासवर्ड बदला. मग सुरक्षेत डब्ल्यूपीए२ किंवा ३ निवडा, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिननं जोडायची सोय) बंद करा. वरच्या मुलांना ‘गेस्ट नेटवर्क’ काढून द्या आणि त्यातून घरच्या नेटवर्कवर जायची परवानगी बंद ठेवा.

‘वॅन’ नावाच्या पानाला मात्र हात लावू नका. तिथे इंटरनेट कंपनीनं भरलेलं युजरनेम असतं. ते पुसलं गेलं की नेट बंद. मागच्या बारीक भोकात दहा सेकंद पिन दाबून धरली तरी तेच होतं. प्रत्येक पानाचा आधी फोटो काढून ठेवा. टीव्ही, कॅमेरा सगळीकडे नवा पासवर्ड घालावा लागेल, तेव्हा हे काम रविवारी काढा. सोमवारी सकाळी केलंत तर सूनबाई बोलतील!

प्रश्न : ‘ऑफिसच्या आयटीतून बोलतोय’ म्हणून फोन आला. सांगितलं म्हणून लॅपटॉपवर एनीडेस्क (दुसऱ्याला दुरून आपला संगणक चालवू देणारं ॲप) टाकलं, त्यातला नंबरही दिला. पाच मिनिटांत शंका आली आणि बंद केलं. आता?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : लॅपटॉपचं वायफाय बंद करा, पण काही पुसू नका आणि फॉरमॅट तर मुळीच नको. काय काय हाताळलं गेलं, याच्या खुणा त्यातच असतात. ऑफिसला कळवा, पण आलेल्या नंबरवर नाही, ओळखपत्रावरच्या नंबरवर. लाजून उद्यावर ढकलू नका. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, पहिला ईमेलचा, कारण बाकीचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. ‘सगळीकडून लॉग आउट’ करायलाही विसरू नका. बँकेतून पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता आली तरच हाती काही लागतं.

प्रश्न : थंडीत एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लॅपटॉप, मॉनिटर आणि हीटर लावतो. बोर्ड गरम लागतो. चालेल का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नाही. ६ अँपियरचा बोर्ड २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॅट पेलतो. २,००० वॅटचा हीटर एकटाच पावणेनऊ अँपियर ओढतो. तो भिंतीतल्या १६ अँपियरच्या सॉकेटला थेट लावा. बोर्डाची भोकं काळवंडली असतील तर आतली पत्ती सैल झालीय. दुरुस्त करत बसू नका, महाराणी रोडवरून नवा आणा.