ऐकलेलं पुस्तक वाचलं म्हणायचं का?

प्रश्न: माझा मुलगा सातवीत आहे. पुस्तक हातात धरत नाही, पण मोबाइलवर मराठी ऑडिओबुकं तासन्‌तास ऐकतो. याला वाचन म्हणायचं का? छापील पुस्तकाचा आग्रह धरावा, की सरळ किंडल घेऊन द्यावं?

उत्तर:

म्हणायचं. बेलाशक म्हणायचं. कुणी नाक मुरडलं तर त्याला माझ्याकडे पाठवून द्या, कारण नेमक्या याच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या सख्ख्या भावाचं बिनसलंय आणि अजून मिटलेलं नाही.

आधीच सांगते, मी छापील पुस्तकांची वैरीण नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एका 'ब' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे. दाखल नोंदवही, देवघेव, बाइंडिंगला गेलेले गठ्ठे, दिवाळी अंकांची वर्गणी यातच उमर गेली.

आता माझी माय. माहेरी दुसरीपर्यंत शाळेत गेलेली. सही करायची, एसटीची पाटी अक्षरं जुळवत वाचायची, त्यापुढे मजल नव्हती. तरी आमच्या घरात सगळ्यांत जास्त कादंबऱ्या तिच्या झालेल्या होत्या, आणि त्या झाल्या उन्हाळ्यात, धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, बिबडे घालताना. (खान्देशाबाहेरच्यांसाठी: बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड.) पहाटे चुलीवर ज्वारीचा घाटा रटरटायला लागला की गल्लीतल्या बाया जमायच्या. ऊन तापायच्या आत ओल्या फडक्यावर थापायचे आणि खाटेवर वाळत टाकायचे. हात गुंतलेले, तोंडं मोकळी. मोकळी तोंडं कुणाच्या तरी सुनेवर घसरायची आणि दोन दिवसांत गल्लीत भांडण उभं राहायचं. मायनं त्यावर तोड काढली. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. मला भिंतीच्या सावलीला बसवलं आणि म्हणाली, वाच. मजुरी म्हणून वाटीभर गरम घाटा, वर शेंगदाण्याचं तेल.

पुस्तकं वाचनालयाची. आबा तालुक्याला गेले की पिशवीतून आणायचे. कोपरे दुमडलेले, पाठीला खळ लावलेली आणि कित्येकांचं शेवटचं पान गायब. शेवट नसला की बाया आपापसात ठरवायच्या, तिचं लग्न झालं असेल की नाही, सासऱ्यानं वाटणी दिली असेल की नाही. पुढे नोकरीत त्यातली काही पुस्तकं धड अवस्थेत हाती आली तेव्हा मी मुद्दाम ताडून पाहिलं. बायांनी ठरवलेला शेवट बऱ्याचदा लेखकापेक्षा सरस होता.

एकदा मला पुढे काय होतं ते कळायची घाई झाली होती. रात्रीची वेळ, बैलगाडी पुराच्या पाण्यात उतरलेली, आणि लेखक महाशय काठावरच्या झाडांचं आणि चांदण्याचं वर्णन करत बसलेले. मी दोन पानं एकदम उलटली आणि थेट वाड्यात पोचले. मायचा हात फडक्यावरच थांबला.

"गाडी ते आजून नदीमाच शे," ती म्हणाली.

मी म्हटलं, येतं पुढे ते.

"तू वाची ऱ्हायनी का पयी ऱ्हायनी वं?" म्हणजे, तू वाचतेयस की पळतेयस गं?

बाया खो खो हसल्या. मी मुकाट्यानं मागे गेले. झाडं, चांदणं, बैलांच्या पोटाला लागलेलं पाणी, सगळं वाचून घेतलं तेव्हा तिनं पुढचा बिबडा थापला.

हिला वाचक म्हणायचं नाही तर कुणाला? पान न चुकवता वाचणारे सभासद माझ्या सगळ्या नोकरीत बोटांवर मोजावे एवढे निघाले. पुस्तक परत आलं की ग्रंथपालाला कळतं. पहिली तीस-चाळीस पानं मळलेली आणि पुढची कोरी करकरीत.

तर दादा. दादा पुण्यात मराठीचा प्राध्यापक होता. घरात भिंतभर काचेची कपाटं आहेत, त्यांना कुलपं आहेत. मायच्या वर्षश्राद्धाला त्यानं एक छोटी पुस्तिका छापली, गुळगुळीत कागदावर, मायचा फोटो घालून. त्यात सुरुवातीलाच लिहिलं, की आमची आई निरक्षर, पुस्तकांशी तिचा कधी संबंध आला नाही. त्यापुढचं मी अजून वाचलेलं नाही. दादा तेव्हा शिकायला बाहेर, वसतिगृहात. धाब्यावर कोण काय वाचत होतं हे त्याला कुठून ठाऊक असणार?

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तो आला होता. ग्रंथप्रदर्शनातून दोन पिशव्या भरून पुस्तकं घेतली आणि घरी चहा पिता पिता म्हणाला, "आजकालची पोरं ऐकतात आणि वाचलं म्हणून सांगतात. वाचनाला डोळे लागतात, पान लागतं, एकांत लागतो." मी म्हटलं, दादा, हे तू मायबद्दल बोलतोयस. तो म्हणे, तो विषय वेगळा. अजिबात वेगळा नाही.

एकांताचं आधी बघू. आमच्या गावात चातुर्मासात पोथी लागायची. पांडवप्रताप, हरिविजय, कधी नवनाथ. एक जण वाचणार, दुसरा अर्थ सांगणार, बाकी गाव ऐकणार. पांडवप्रतापावर स्वतः डोळे फिरवलेली माणसं दोन-चार, आणि त्यातला कुठला प्रसंग कुठे येतो हे अचूक सांगणारं निम्मं गाव. पोथीची घडणच त्यासाठी होती. आडवी सुटी पानं, वाचून झालं की पान पालथं ठेवायचं, वाचणारा आणि ऐकणारे दोघांनाही कुठवर आलो ते दिसतं. जुन्या हस्तलिखितांत तर शब्दही सुटे नसतात, ओळभर अक्षरं सलग. मोडीत आधी पानभर शिरोरेघा ओढून घ्यायच्या आणि मग त्यांखाली अक्षरं लटकवायची, शब्द कुठे तुटतो ते तुमचं तुम्ही बघा. असलं लिखाण तोंडानं म्हटल्याशिवाय पटकन उलगडत नाही. धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिर आहे, राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथे मुलाला एकदा नेऊन बाडं दाखवा. तिकडे युरोपातही हेच. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अ‍ॅम्ब्रोज ओठ न हलवता मनातल्या मनात वाचायचा, याचं ऑगस्टीन या ख्रिस्ती संताला एवढं नवल वाटलं की त्यानं ते आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवलं. म्हणजे दादाचा एकांत ही फार अलीकडची चैन आहे.

आता पान. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले, अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी समोर बसून उतरवून घेत होते. त्याची 'गीता प्रवचने' झाली. समोर बसलेल्या कैद्यांनी ती ऐकली आणि दादानं ती वाचली, तर गीता जास्त कुणाला कळली? हे विचारलं तेव्हा दादानं चहा संपवला.

आणि बहिणाबाई. आसोद्याची लेक, जळगावची सून, लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात रचलेलं तिच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी लिहून ठेवलं म्हणून उरलं. ती १९५१ साली गेली आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेतला तेव्हा गाणी पुस्तकात आली. दादानं ती वर्षानुवर्षं वर्गात शिकवली. बहिणाबाईंना निरक्षर म्हणताना त्याचा आवाज भक्तीनं भरून येतो. मायला निरक्षर म्हणताना त्यात कीव असते. माझं भांडण एवढंच आहे.

मायच्या शेवटच्या वर्षांत गुडघे गेले, ती खाटेला लागली. मराठी ऑडिओबुकं तोवर बरीच झाली होती, स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं अ‍ॅप २०१७ च्या अखेरीस भारतात आलं त्यानंतर तर भरपूर. माझ्या मुलानं फोनवर एक कादंबरी लावून दिली. आवाज पुरेना म्हणून फोन स्टीलच्या पातेल्यात उभा केला. पाच मिनिटं ऐकून माय म्हणाली, "हाऊ बी पयी ऱ्हायना." बघितलं तर पोरानं स्वतःच्या सवयीनं वेग सव्वापट ठेवलेला. साध्या वेगावर आणल्यावर तिनं ती कादंबरी पुरी ऐकली. मग दुसरी. मध्ये कुणी भेटायला आलं तर थांबवायला लावायची आणि पाहुणा गेल्यावर कुठं होतो ते स्वतः सांगायची.

पुस्तकाचं रूप बदललं की जुन्या रूपाची माणसं नव्याला बाटगं ठरवतात, हे काही आजचं नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं, तेव्हा छापलेला कागद सोवळ्यात हातात घ्यायला लोक तयार नव्हते. शाईत चरबी असते म्हणायचे. त्यांनी तुपाची शाई केली, तेव्हा कुठे जमलं. आज दादा ज्या छापील पानाची आरती करतो ते पान एके काळी देवघरात चालत नव्हतं. नंतर रहस्यकथांना नावं ठेवली. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा आहेत, आणि त्यांनी किती जणांना वाचायला लावलं ते आमच्या देवघेवीच्या टेबलाला विचारा. कादंबरी मागायला लाजणारे बाप्ये रहस्यकथा वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे.

वाचनालयंही बदलली. मी लागले तेव्हा संध्याकाळी टेबलावर पोरांची रांग असायची, आईनं सांगितलंय, जाडी कादंबरी द्या. नाव नाही, लेखक नाही, जाडी पाहिजे. मी निवृत्त होताना अभ्यासिका भरलेली आणि कपाटं बंद. स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी आठला येतात, आपली पुस्तकं आपणच आणतात, पंखा आणि खुर्ची वाचनालयाची वापरतात आणि रात्री जातात. त्यांना दोष देत नाही, नोकरी हवी आहे. पण वार्षिक सभेत त्यांचा आकडा वाचकसंख्येत धरायचा आणि दुपारी फोनवर कादंबरी ऐकत कापूस वेचणारी बाई मात्र वाचक नाही, हे गणित मला पटत नाही. आमच्या कार्यकारिणीपुढे मी सुचवलं होतं की आठवड्यातून एक दुपार बायांसाठी आणि डोळे अधू झालेल्यांसाठी स्पीकरवर पुस्तक लावू. उत्तर आलं, हे वाचनालय आहे, रेडिओ स्टेशन नाही. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, बरोबर बोलले.

असो. तुमचा मुलगा.

माय साठ वर्षं ऐकत होती आणि तिला परीक्षा द्यायची नव्हती. तुमच्या मुलाला द्यायची आहे. प्रश्नपत्रिका कानानं सुटत नाही, शुद्धलेखनही ऐकून येत नाही. 'दृष्टी' आणि 'दुष्ट' कानाला नीट कळतात, पण हाताला कळायला डोळ्यांखालून जावे लागतात. म्हणून ऐकणं बंद करू नका, त्याला डोळे जोडा. जे ऐकतोय तेच पुस्तक समोर उघडं ठेवायला सांगा, निदान एखादं प्रकरण. मन लावून ऐकणारं पोर तसं बसतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, लहान लहान मजकूर आहे, तिथून सुरू करा. आणि ऑडिओ घेताना ते पूर्ण पुस्तक आहे की संक्षिप्त, ते बघून घ्या. संक्षिप्तात गाडी नदीत उतरतच नाही.

झोपताना लावून घोरत पडत असेल तर ते मात्र वाचन नाही. आणि वेग तपासा. पोरं दीडपट-दुप्पट वेगानं ऐकतात आणि पुस्तकं मोजतात. रोज रात्री जेवताना विचारा, आज काय झालं गोष्टीत? त्याला सांगता आलं तर तुम्ही निश्चिंत राहा.

किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून मिळतात. अक्षर मोठं करता येतं, त्यामुळे चाळिशी लागलेल्यांना उत्तम, मी स्वतः वापरते. पण सातवीतल्या पोरासाठी आत्ताच एवढा खर्च नको. त्यापेक्षा जवळच्या वाचनालयाची वर्गणी भरा, ती फार नसते, आणि त्याला स्वतःला कपाटापाशी जाऊ द्या. ग्रंथपाल अडवत असेल तर भांडा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफ मात्र त्याला देऊ नका. ती सरळ चोरी आहे, शिवाय पानं उलटसुलट लागलेली असतात. दादाकडेही अशा पीडीएफ ढिगानं आहेत, त्यांना तो 'संदर्भसाहित्य' म्हणतो.