एवढं ऑपरेशन, आणि एकच इंजेक्शन?

"मॅडम, घरी न्यायला एकही अँटिबायोटिक लिहिलेलं नाही. राहून गेलं का?" डिस्चार्जचा कागद माझ्यापुढे सरकवत मुलानं विचारलं. त्याचे वडील, म्हणजे आमचे पेशंट काका, शेजारी, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. मूत्रवाहिनीतला खडा दुर्बिणीतून लेझरनं फोडलेला, आत डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी तात्पुरती बारीक नळी, लघवीची नळी सकाळीच काढलेली.

यूरॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रविकारांच्या वॉर्डात हा प्रश्न रोजचाच. पण या बापलेकाचा माझ्यावर आधीपासून राग होता. ऑपरेशन लांबलं, त्याला थोडीफार मीही कारण होते.

झालं असं, की पहिल्या युरिन कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, जंतू नव्हते. नेहमीप्रमाणे मी विचारलं, "नमुना देण्याआधी काही गोळ्या घेतल्या होत्या का?" काकांनी पिशवीतून अँटिबायोटिकचं पाकीट काढलं. लाल उभी रेघ, म्हणजे चिठ्ठीशिवाय न घेण्याची खूण असलेलं, दहातल्या चार गोळ्या उरलेल्या. शेजाऱ्याच्या प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरच्या! "दुखत होतं, म्हणून घेतल्या." अशा गोळ्या पोटात असल्या की जंतू दबतात, रिपोर्ट खोटा चांगला येतो. मी डॉक्टरांना सांगितलं. काही दिवस थांबून पुन्हा नमुना घेतला, तर ई. कोलाय निघाला, आणि त्या पाकिटातल्या औषधाला तो दादच देत नव्हता. मग लागू पडणारं औषध देऊन, लघवीतला संसर्ग आटोक्यात आणून ऑपरेशन. मुलाची रजा वाया गेली ती अशी.

"ते उपचार होते," मी म्हटलं. "ऑपरेशनच्या दिवशीचं इंजेक्शन वेगळं, ते प्रतिबंधासाठी. ऑपरेशन सुरू होण्याआधीच्या तासाभरात शिरेतून देतात, म्हणजे दुर्बीण आत जाते तेव्हा औषध रक्तात हजर असतं. संसर्ग नसेल तर पुढे गोळ्या वाढवून फायदा होत नाही. जुलाब मात्र लागू शकतात, आणि चिवट जंतू तेवढे मागे उरतात."

मुलगा गप्प. काकाच म्हणाले, "सोयाबीनला बीजप्रक्रिया पेरायच्या आधी करतो आपण. उगवल्यावर कोण करतं?" मी इतकी वर्षं समजावतेय, हे मला कधी सुचलं नव्हतं.

"पण शेजाऱ्याला सात दिवसांच्या गोळ्या होत्या ना?" मुलगा अजून अडलेला. त्यांना कदाचित संसर्ग असेल, ताप आला असेल. किंवा नुसत्या सवयीनं लिहिल्या असतील. तेही होतं, नाकारत नाही.

मग मी कागदाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिलं. स्टेंट आहे तोवर लघवीला जळजळ, सारखी घाई, थोडा लालसर रंग चालेल. ते बहुतेकदा स्टेंटमुळे, त्यावर अँटिबायोटिक नको. पण ताप १०१ च्या वर गेला, हुडहुडी भरली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच यायचं. आणि स्टेंट काढायची तारीख चुकवायची नाही. तिच्याखाली मी दोन रेघा ओढल्या.

उठता उठता काकांनी पिशवीत हात घातला. "मग या चार गोळ्या त्याला परत देऊ का?"

मी हात पुढे केला.