आई शेतात गेलीय

सुमन (नाव अर्थातच बदललंय) आमच्या समुपदेशन केंद्रात आली आणि खुर्चीच्या टोकावर टेकली. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पासबुक काढून टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात काही काढेना.

"ताई, मी खरं सांगितलं तर पोराचे पैसे बंद होणार ना?"

असं विचारणारं कुणी ना कुणी माझ्याकडे नेहमी येतं. कुणाचा सोडून गेलेला नवरा परत आलेला असतो, कुणाचं मूल मामाकडे राहायला गेलेलं असतं. सुमनने दुसरं लग्न केलं होतं.

पहिला नवरा वारल्यावर मुलाला बालसंगोपन योजना लागू झाली होती. आई-वडिलांपैकी एक किंवा दोघंही नसलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत मिळणारी ही मदत. आधी महिन्याला ११०० रुपये होते, २०२३ मध्ये २२५० झाले. पैसे दरमहा येत नाहीत, थकतात आणि मग दोन-तीन महिन्यांचे एकदम पडतात. लग्नानंतर सुमन चाकणला गेली. दहा वर्षांचा मुलगा शाळेसाठी गावीच, आजीकडे. खातं मात्र मुलाचं आणि सुमनचं जोड. ही आजी म्हणजे सुमनची पहिली सासू. ती म्हणायची, "पोरगं माझ्या चुलीवर जेवतं आणि पैसे हिच्या खात्यात." ते खोटंही नव्हतं.

शेजारणीने सुमनला घाबरवलं होतं: आधी तुझे बंद झाले, आता पोराचेही होतील. इथे दोन गोष्टींची गल्लत होती. संजय गांधी निराधार योजनेतून तिला मिळणारे दीड हजार ती विधवा म्हणून मिळत होते, तहसीलमधून. लग्न झालं की तो हक्क संपतो. बालसंगोपनाचा आदेश मुलाच्या नावाचा असतो आणि तो जिल्ह्याची बालकल्याण समिती देते. मूल आता कुणाकडे आहे, त्याचं कसं चाललंय, हे बघून समिती ठरवते. चालूच राहतील असं वचन मी दिलं नाही, मला देताही आलं नसतं. पण समितीला बाहेरून कळण्याआधी आपण होऊन सांगितलेलं बरं, एवढं मी ठामपणे बोलले.

खरं तर मला पैशांपेक्षा दुसरंच खुपत होतं. गृहभेटीला कुणी आलं तर "आई शेतात गेलीय" म्हणायचं, असं पोराला पढवून ठेवलं होतं. गृहभेटीला कुणी आलंच नाही. पोरगं तेच वाक्य शाळेत बाईंना सांगायला लागलं, मग मित्रांना. पालकसभेला आई का नाही आली? शेतात गेलीय. हे सांगताना सुमन पहिल्यांदा रडली.

आम्ही अर्ज लिहिला, साध्या भाषेत: लग्न कधी झालं, मुलगा कुणाकडे आहे, पैसे आजीकडे जावेत याला माझी संमती आहे. सोबत शाळेचा बोनाफाईड, आजीचं आधार, लग्नाचा दाखला. घरासमोरचा फोटोही नव्याने काढला. जुन्या फोटोत दारात आई होती. या वेळी आजीने पदर नीट केला, चप्पल काढून बाजूला ठेवली आणि नातवाचा खांदा असा धरला की तो म्हणाला, "आजी, दुखतंय."

समितीने मागच्या पैशांचं विचारलंच. एकदम जमा झालेल्या ६७५० पैकी पाच हजार सुमनने आजीला पाठवले होते, फोनवर तशी नोंद होती. उरलेल्या साडेसतराशेचा हिशेब तिला देता येईना. ते मुलाच्या खात्यात भर, असं तिला सांगण्यात आलं. तिने दोन हप्त्यांत भरले. आजी कुजबुजली, "बघा, मी म्हणत नव्हते?" मी ऐकलं नाहीसं केलं.

मग अध्यक्षांनी मुलाला जवळ बोलावून विचारलं, "आई कुठे असते रे तुझी?"

त्याने आधी आजीकडे पाहिलं, मग सुमनकडे. सुमनने मान हलवली.

"चाकणला," तो म्हणाला. "दिवाळीला येणारे."

आदेशात पालक म्हणून आजीचं नाव आलं. नव्या खात्यात पहिली रक्कम पडायला चार महिने लागले, आणि तेवढे दिवस आजी दर सोमवारी पासबुक भरून आणायला बँकेत जायची.