वडिलांची येझदी, जाम इंजिन आणि मोडायला काढलेली एफडी

सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलंय. वडिलांची १९८४ ची येझदी रोडकिंग २०१२ पासून घरामागच्या शेडमध्ये उभी आहे. २०१९ च्या महापुरात ती टाकीपर्यंत पाण्यात होती, तेव्हापासून इंजिन जाम. वडील २०१७ मध्ये गेले. कोल्हापूरच्या एका गॅरेजवाल्यानं 'नव्यासारखी' करून द्यायचे १ लाख १० हजार सांगितलेत, निम्मे आगाऊ. दुसरीकडे एक गृहस्थ आहे त्या स्थितीत ४० हजार द्यायला तयार आहेत आणि पंधरा दिवसांत कळवा म्हणतात. पगार हातात ५८ हजार, घराचा हप्ता साडेएकोणीस, एसआयपी सहा, घरखर्च पंचवीसच्या आसपास. बाजूला २ लाखांची एफडी. पुण्याचा भाऊ म्हणतो विकायची नाही. प्रश्न असा : "एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ? तयार गाडी दोन लाखांना जाते म्हणतात, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत ना?"

नमस्कार. एफडी मोडू नका, कर्जही काढू नका आणि पंधरा दिवसांच्या घाईत गाडीही विकू नका. पहिला पैसा कागदांवर घाला, दुसरा इंजिन उघडून बघण्यावर. १ लाख १० हजारांचा निर्णय त्यानंतरचा. आज तो घ्यायला लागणारी माहिती तुमच्याकडेही नाही आणि गॅरेजवाल्याकडेही नाही.

दोन लाखांचं आधी मिटवू. गाडी विकायची नाही हे भावाचं म्हणणं तुम्हीच लिहिलंय, आणि खर्चाचं समर्थन मात्र विक्रीच्या किमतीनं करताय. विकायची नसेल तर त्या दोन लाखांचा तुम्हाला उपयोग नाही. विकायची असेल तर हिशोब पूर्ण करा. आज हातात येणारे ४० हजार सोडायचे आणि वर १ लाख १० हजार घालायचे, म्हणजे गाडीत तुमचे दीड लाख गेले. जुन्या गाडीचं काम सांगितलेल्या आकड्यात बसत नाही. चौथा हिस्सा वाढेल असं धरा. मग झाले १ लाख ७७ हजार ५००, कागदपत्रांचा खर्च वेगळा. जाहिरातीत लिहिलेले दोन लाख ही मागितलेली किंमत असते. घासाघीस होऊन किती मिळाले ते जाहिरातीत येत नाही. उरलीच तर वीसेक हजारांची फट उरते, तीही वर्ष-दीड वर्षाच्या हेलपाट्यांनंतर. ही गुंतवणूक म्हणून मी कुणालाच सुचवणार नाही. हौस म्हणून, वडिलांची गाडी म्हणून खर्च करायचा असेल तर खुशाल करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तो खर्चाच्या रकान्यात लिहा.

आता इंजिन. जाम म्हणजे काय जाम, यावर सगळं अवलंबून आहे. नुसती उभी राहून जाम झालेली टू-स्ट्रोक गाडी बहुतेक वेळा पिस्टन-रिंग सिलिंडरच्या भिंतीला गंजून चिकटल्यामुळे जाम असते. प्लग काढून आत डिझेल आणि ऑइल सोडायचं, चार-आठ दिवस मुरू द्यायचं, मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हलक्या हातानं मागेपुढे हलवायचं, की पुष्कळदा सुटते. सिलिंडर आतून कातून (म्हणजे बोअर करून) किंचित मोठ्या मापाचा, ओव्हरसाइज पिस्टन टाकला की काम आवाक्यात राहतं.

तुमची पुरात बुडालेली आहे, आणि टू-स्ट्रोकमध्ये ही बाब वेगळी धरावी लागते. या इंजिनात पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या फिरत्या दांड्याच्या (क्रँकच्या) खोक्यातून, वर जातं. क्रँकच्या बेअरिंगला आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला ऑइल मिळतं ते त्याच मिश्रणातून; खाली ऑइलचा वेगळा साठा नसतो. म्हणजे कार्ब्युरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून गाळाचं पाणी आत शिरलं तर ते खाली क्रँकपाशी साठतं आणि वर्षानुवर्षं तिथेच बसतं. मग बेअरिंग, ऑइल सील, रॉड किट सगळं बदलून क्रँक लेथवाल्याकडे न्यायचा, दाबून जुळवायचा, अलाइनमेंट बघायची. खर्च तिथेच दुप्पट होतो. शिवाय ओरखडे पडलेला बोअर शेवटच्या मापाच्याही पलीकडे गेलेला असला तर आतून नवी नळी (स्लीव्ह) बसवावी लागते ती निराळी. यातलं काय झालंय हे बाहेरून सांगणारा माणूस अंदाज सांगतोय. म्हणून त्याला म्हणा, इंजिन उतरवून, उघडून, मापं घेऊन दाखवायची मजुरी किती? ही रक्कम पाच हजारांच्या आत असायला हवी. उघडल्यावर तुम्ही स्वतः समोर उभे राहा, क्रँकचे आणि बोअरचे फोटो काढा. पिस्टन चिकटलाय की क्रँक गेलाय, एवढं कळलं की पुढच्या बोलीला अर्थ येतो. तोवर घरातल्या कुणालाही किकवर उभं राहून जोर लावू देऊ नका. जाम इंजिनावर त्या जोरानं आतल्या गिअरचा एखादा दात तुटतो आणि बिलात आणखी एक ओळ वाढते.

आणखी एक जपा. इंजिन नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो. 'केस फुटलीय, माझ्याकडं दुसरं इंजिन पडलंय, ते बसवतो' असं कुणी म्हणालं तर स्वस्त पडतंय म्हणून हो म्हणू नका. नंबर बदलला की आरसी बुकातल्या नोंदीशी गाडी जुळत नाही, आणि आरटीओनं तो बदल मान्य केल्याशिवाय इंजिन उत्तम चालूनही गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

कागदांचं मी आधी म्हटलं ते यासाठीच. बुकावरचं शेवटचं नूतनीकरण २०१४ मध्ये संपलंय आणि गाडी अजून वडिलांच्या नावावर आहे. मालक गेल्यावर वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असा नियम आहे. तो तुमच्याकडून केव्हाच टळलाय. आता मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, प्रतिज्ञापत्र हे सगळं लागेल. भाऊ आणि इचलकरंजीची बहीण या दोघांच्या सह्या आत्ताच घ्या. गाडी चकचकीत झाल्यावर सह्या मागायला गेलात की लोकांना हिस्से आठवतात. तुमचा नंबर एमएच १० च्या आधीचा, जुना तीन अक्षरी. तो आरटीओच्या 'वाहन' नावाच्या संगणक प्रणालीत चढलाय का, नसेल तर जुन्या रजिस्टरवरून चढवून मिळेल का, हे आरटीओत जाऊन विचारा. 'नोंद सापडत नाही' असं उत्तर आलं तर माझा सल्ला लगेच बदलेल. मग गाडी फक्त दारात उभी करायची वस्तू उरते, आणि तिच्यावर लाख रुपये घालायचे का हे तुम्ही नव्यानं ठरवायचं.

नोंद सापडली तर खर्च असा. वीस वर्षांपुढच्या मोटारसायकलीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून २ हजार झालीय. उशिराबद्दल महिन्याला ३०० रुपये जादा आकारायची तरतूद एप्रिल २०२२ पासून आहे. चार वर्षांचे धरले तरी १४ हजार ४०० होतात. तुमच्या बाबतीत कुठल्या तारखेपासून मोजणार ते आधीच विचारून घ्या. वर पर्यावरण कर, हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचे जीएसटीसह ५३१ रुपये, पीयूसी आणि थर्ड पार्टी विमा. दीडशे ते साडेतीनशे सीसीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरानं वर्षाला १ हजार ३६६ आहे. नूतनीकरणाला निरीक्षक गाडी प्रत्यक्ष बघतो, त्यामुळे ते इंजिन चालू झाल्यावरच होईल. वारसाची फाइल मात्र आज सुरू होऊ शकते. 'व्हिंटेज म्हणून पास करून देतो, निम्म्यात काम होईल' असं सांगणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी लागते. तुमची १९८४ ची आहे, २०३४ पर्यंत तो विषयच येत नाही. आणि तशी नोंदणी झालेली गाडी रोज बाजारात न्यायची परवानगीही नसते.

पैशाकडे येऊ. तुमच्या घराला महिन्याला हप्ता आणि खर्च मिळून साडेचव्वेचाळीस हजार लागतात. २ लाखांची एफडी म्हणजे साडेचार महिन्यांची सोय. त्यातून १ लाख १० हजार काढले की दोन महिने उरतात. ज्या घरात २०१९ ला पाणी आलं, त्या घराच्या मालकाला हे मी सांगायला नको. २०२१ च्या जुलैत कृष्णेनं पुन्हा दाखवून दिलंच. ती एफडी तुमची पुराची शिदोरी आहे, तिला गाडीसाठी हात लावू नका. पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ३ हजार ७६० च्या घरात, व्याज पंचवीस हजारांच्या वर. एवढ्या व्याजात टायर, रिम आणि वायरिंग होतं, तुमच्याच कोटेशनप्रमाणे.

कोटेशन मी नीट वाचलं. इंजिन ३८ हजार, रंग आणि क्रोम ३२, टायर-रिम-स्पोक १६, वायरिंग ९, किरकोळ १५. म्हणजे इंजिनाइतकाच जवळजवळ चमकण्याचा खर्च. (किरकोळमध्ये १५ हजार लिहिणाऱ्या माणसाला ते किरकोळ काय आहे हे विचारायला हरकत नाही.) महिन्याकाठी तुमच्याकडे साडेसात हजार उरतात, त्यातले साडेचार हजार वेगळ्या आरडीत टाका, एसआयपी चालू ठेवून. पहिले दोन-तीन महिने कागद आणि इंजिन उघडणं. बाकी साठतील तसं इंजिन, मग ब्रेक, टायर, वायरिंग. क्रोम आणि रंग सगळ्यात शेवटी, किंवा नाहीच. टाकीवरचा मूळ रंग थोडा उडालेला असला तरी तो मूळ आहे, आणि जुन्या गाडीच्या जाणकारांना तो नव्या रंगापेक्षा जास्त आवडतो. भावाला 'विकायची नाही' असं वाटत असेल तर त्यालाही दरमहा दोन हजार टाकायला सांगा. त्याचं प्रेम किती आहे ते कळेल आणि काम सहा-आठ महिने आधी होईल.

गॅरेजला निम्मे आगाऊ देऊ नका. टप्प्याटप्प्यानं द्या, बिल घ्या, काढलेले जुने भाग परत मागा. इंजिन उघडल्यावर खर्च ६० हजारांच्या पुढे जातोय असं दिसलं तर थांबायचं, ही मर्यादा आजच बायकोसमोर ठरवा. मैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. आता मिळतात ते बहुतेक नकली किंवा दुसऱ्या गाडीचे काढलेले भाग. २०२२ मध्ये आलेली नवी येझदी फोर-स्ट्रोक आहे, तिच्या शोरूममध्ये तुमच्या रोडकिंगला काही मिळणार नाही. हे पुढच्या प्रत्येक वर्षाच्या देखभालीलाही लागू आहे. शिवाय सध्याच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जुन्या रबरी नळ्या आणि गंजलेली टाकी फार काळ तग धरत नाहीत. गाडी चालू झाल्यावरही वर्षाला काहीतरी बाजूला ठेवावंच लागेल. विम्याकडून फार आशा नको. इतक्या जुन्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि तुम्ही बोलून ठरवता, घातलेले सगळे पैसे त्यात क्वचितच धरले जातात.

कधी विकलीत तर कराचं एक बघा. स्वतःच्या वापरातल्या दुचाकीच्या विक्रीवरचा नफा साधारणपणे करपात्र नसतो, पण 'वापरातली' हे दाखवता यायला हवं. १९३१ च्या एका फोर्ड मोटारीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये हेच धरलं : वैयक्तिक वापराचा पुरावा नाही, सबब नफा करपात्र. गाडी चालवत असाल तर विमा, पीयूसी, दुरुस्तीची बिलं जपून ठेवा.

आता ते ४० हजारवाले गृहस्थ. आरटीओत नोंदच नसेल, किंवा इंजिनाचा आकडा तुमच्या मर्यादेपलीकडे गेला, तर ते किंवा त्यांच्यासारखे दुसरे गिऱ्हाईक लागेलच. म्हणून त्यांना तोडून टाकू नका, 'वारसाची कागदपत्रं व्हायची आहेत, झाली की बोलू' असं सांगा, ते खरंही आहे. मात्र 'बुक द्या फक्त, सह्यांचं मी बघतो' असं ते म्हणाले तर चाळीसच काय, साठ हजारांनाही गाडी देऊ नका. तुमच्या वडिलांच्या नावावरची गाडी उद्या कुणाला धडकली, तर पोलीस बुकावरच्या पत्त्यावर येतील, आणि तो पत्ता तुमचा आहे.