मेलबर्नमधलं २६ जानेवारीचं झेंडावंदन

प्रश्न: आमच्या मंडळाचं झेंडावंदन २६ जानेवारीलाच असतं. मुलं विचारतात, 'इथले मूळ रहिवासी आज शोक पाळतात, मग आपण आनंद कसला करतो?' सुरुवातीला नेमकं काय म्हणावं?

झेंडावंदन जरूर करा, प्रजासत्ताक दिन आपलाच आहे. त्यात याच तारखेला असणाऱ्या इथल्या राष्ट्रीय दिनाचा, 'ऑस्ट्रेलिया डे'चा केक मात्र घुसडू नका, गफलत तिथेच होते. १७८८ साली याच तारखेला ब्रिटिश कॅप्टन आर्थर फिलिपने कैद्यांची जहाजं घेऊन सिडनी कोव्हला ब्रिटिश झेंडा रोवला. ती जागा गॅडिगल या मूळ रहिवाशांची. पुढच्याच वर्षी देवीच्या साथीने आसपासच्या वस्त्या ओस पडल्या. आणि शोकदिन हे हल्लीचं फॅड नव्हे: १९३८ मध्ये दीडशे वर्षांचा सोहळा चालू असताना ॲबोरिजिनल (मूळ रहिवासी) कार्यकर्त्यांनी सिडनीत तो पाळला होता.

मुलांना मेलबर्नचा किस्साही सांगा. १८३५ मध्ये जॉन बॅटमन या गोऱ्या वसाहतवाल्याने ब्लँकेटं, सुऱ्या, आरसे, पीठ असलं सामान देऊन तिथल्या मूळ रहिवाशांशी सुमारे ६ लाख एकरांचा 'करार' केला. ब्रिटिश गव्हर्नर बर्कने तो रद्द केला, पण दया येऊन नव्हे. करार मान्य केला असता तर जमीन त्या लोकांची होती हेही कबूल करावं लागलं असतं! 'जमीन कोणाचीच नव्हती' हा समज हाय कोर्टाने (हे ऑस्ट्रेलियातलं सर्वोच्च न्यायालय) मोडीत काढला तो १९९२ मध्ये, आपल्या जमिनीच्या हक्कासाठी लढलेल्या एडी माबोंच्या खटल्यात. तेव्हा माबो हयात नव्हते.

आता कार्यक्रमाचं. 'वेलकम टू कंट्री', म्हणजे आपल्या भूमीवर पाहुण्यांचं स्वागत, फक्त त्या भूमीच्या मूळ लोकांनीच, सहसा त्यांच्या ज्येष्ठांनी, किंवा त्यांनी परवानगी दिलेल्यांनी करायचं असतं. 'ॲक्नॉलेजमेंट', म्हणजे त्या भूमीच्या मूळ लोकांचा नावानिशी आदराने उल्लेख, तुमच्यापैकी कोणीही करू शकतं. नेहमीची चूक म्हणजे सिडनीच्या कार्यक्रमातला मजकूर जसाच्या तसा उचलणं, मग मेलबर्नमध्ये गॅडिगलांना वंदन होतं. मेलबर्नमध्येही एकच नाव चालत नाही: रिचमंड वुरुंडजेरी लोकांचं, सेंट किल्डा बुनुरॉंग लोकांचं. हॉल ज्या कौन्सिलच्या हद्दीत आहे तिच्या वेबसाइटवर नाव मिळतं. उच्चार आधी ऐकून घ्या. दोन-तीन वाक्यं पुरतात, ती दीपप्रज्वलनाच्याही आधी म्हणा, प्रायोजकांच्या आभारानंतर नव्हे. ज्येष्ठांना बोलवायचं तर त्यांच्या संस्थेकडे काही आठवडे आधी विचारा. मानधन द्यावं लागतं. शाल-श्रीफळावर भागवू नका.