फुटलेला टायर दुकानदाराला परत देऊ का?

देवगड तालुक्यातल्या एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय. घरची हापूसची कलमं आहेत, जोडीला दोन खोल्यांचा होमस्टे, आणि दहा वर्षं जुनी सेडान. जून 2025 मध्ये मुलाच्या ॲडमिशनला कोल्हापूरला गेले असताना तिथल्या एका दुकानात चारही टायर बदलले. ओळखीच्या कंपनीचा टायर चार हजारांच्या वर सांगितला, हा अनोळखी कंपनीचा 2,700 ला पडला, चार मिळून 10,800. पक्कं बिल मागितलं तर दुकानदार म्हणाला बिल हवं तर जीएसटी लावावा लागेल, मग स्वस्त कसला? सोबतचा चुलतभाऊ म्हणाला, घे रे, काय होवचा नाय. हातात आली एक चिठ्ठी, 'टायर 4 नग'. चतुर्थीच्या दोन दिवस आधी कणकवली स्टेशनवरून मुंबईची मंडळी घेऊन येताना नांदगाव तिठ्याच्या अलीकडे भर पावसात मागचा डावा टायर फुटला, गाडी फिरली, एका स्कूटरला लागली आणि गटारात गेली. स्कूटरवाल्या गृहस्थांचा पाय मोडला. आता पोलीस केस आहे, विमा कंपनी तोंडी 'टायर बरोबर नव्हता' म्हणतेय, आणि दुकानदार म्हणतो की फुटलेला टायर आणून द्या, दोन नवीन देतो, एका कागदावर सही करा आणि विषय संपवा. देऊ का?

भाऊ, नका देऊ. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल पण टायर कुणालाही देऊ नका, दुकानदाराला नाही, त्याच्या 'कंपनीच्या माणसाला' नाही, आणि गॅरेजवाल्याला तर अजिबात नाही कारण तो भंगारात घालून मोकळा होईल. तुमच्याकडे पक्कं बिल नाही, म्हणजे तुमची अख्खी केस त्या रबराच्या तुकड्यात आहे. ग्राहक आयोग सदोष मालाचा नमुना सील करून लॅबला पाठवू शकतो, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38 मध्ये तशी तरतूदच आहे, लॅबने साधारण 45 दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो. पण नमुनाच नसेल तर पाठवणार काय? आणि दुकानदाराला दोन टायर फुकट द्यायची हौस का आलीय याचाही जरा विचार करा.

टायर रिमवरून अजून काढला नसेल तर तसाच राहू द्या, धुऊ नका. दोन्ही बाजूंचे, आतले, फाटलेल्या जागेचे फोटो काढा, पोत्यात घाला, पोतं शिवा, त्यावर तारखेची चिठ्ठी लावून शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या. पोलिसांनी टायर पंचनाम्यात घेतला असेल तर पंचनाम्याची नक्कल काढा.

आता एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात आणि मी तिथेच थांबलो. 'बाकीचे तीन टायर ठीक आहेत, गाडी दुरुस्त होऊन आली की तेच चालवणार.' अहो! तेही काढा, तेही पोत्यात. एक तर ते त्याच लॉटचे, म्हणजे पुरावा आहेत, आणि दुसरं म्हणजे हे सगळं माहीत असूनही त्यांच्यावर परत गाडी काढलीत आणि काही झालं तर त्या वेळी मी तुमची बाजू कोणत्या तोंडाने मांडू?

तुम्ही पाठवलेला फोटो मी झूम करून बघितला. टायरच्या बाजूवर डीओटीने सुरू होणारी आकड्या-अक्षरांची ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. तुमच्यावर 3219 आहे. 2019 सालचा बत्तिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्ट. तुम्ही तो जून 2025 मध्ये 'नवा' म्हणून घेतलात, तेव्हा तो जवळजवळ सहा वर्षांचा होता. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं, ऊन-उष्णता लागली तर आणखी लवकर, वरून नक्षी कोरी दिसते आणि आतले थर सुटायला लागलेले असतात. माझा अंदाज सांगतो: जून 2020 मध्ये सरकारने परदेशातून येणाऱ्या टायरवर निर्बंध आणले, लायसन्सशिवाय आणता येईनात, तर हा त्याच्या आधी आलेला आणि कुठल्यातरी गोडाऊनमध्ये पडून राहिलेला माल असावा.

दुसरी गोष्ट, फोटोत गोलातलं ई अक्षर दिसतंय, आयएसआयची खूण दिसत नाही. ते ई म्हणजे परदेशातली मान्यता, आपल्याकडे ती पुरत नाही. भारतात गाडीच्या टायरला आयएसआय सक्तीचं आहे, 2009 च्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डरने, कारच्या टायरचं मानक आयएस 15633. दुसऱ्या बाजूचा फोटो बघितल्याशिवाय मी छातीठोक बोलत नाही, पण तिथेही नसेल तर दुकानदाराची बाजू फारच लंगडी होते. खूण असली तर शेजारी सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो मोबाईलवर बीआयएसच्या (आयएसआय खूण देणारी सरकारी संस्था) बीआयएस केअर ॲपमध्ये टाका, खरा की खोटा लगेच कळतं.

आणि तिसरी तर तुम्ही न विचारता सांगितलीत. 'टायर बदलल्यापासून गाडी गावातल्या स्पीडब्रेकरला घासायला लागली, सस्पेन्शन बसलं असेल.' सस्पेन्शन नाही हो, टायर छोटे आहेत. तुमच्या गाडीचा साईज, ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे, 165/80 आर 14, आणि फोटोतला टायर आहे 165/70 आर 14. त्या 80 आणि 70 मध्ये टायरची उंची असते. हिशोब केला तर पूर्ण व्यास 33 मिलिमीटरने कमी, म्हणजे गाडी दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त खाली. स्पीडोमीटरही चुकीचाच दाखवत असणार. साईजच्या पुढे लोड इंडेक्स असतो, तुम्हाला 85 हवा होता म्हणजे एका टायरला 515 किलो, लावलाय 81, म्हणजे 462. आता खरं सांगायचं तर चार टायर मिळून तरीही तुमच्या गाडीच्या वजनाला पुरतात, त्यामुळे 'लोडने फुटला' असं तक्रारीत लिहू नका, समोरचा वकील पाच मिनिटांत उडवून लावेल. लिहायचं ते असं, की गाडी समोर उभी होती, दारावर साईज छापलेला होता, आणि टायर विकणं हाच ज्याचा धंदा त्याने न सांगता दुसराच साईज बसवला.

कायद्याचं बोलू. ग्राहक संरक्षण कायदा 2019. त्यात जुना माल नवा म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि बिल न देणं हीसुद्धा, तेव्हा 'चिठ्ठीवर माल घेतलात, आता कशाला ओरडता' हे त्याचं म्हणणं उलट त्याच्याच अंगावर येतं. (तेव्हा टायरवर जीएसटी 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 18 झालाय. तो वाचवायला तुम्हीही राजी झालात हे मी विसरलेलो नाही, आयोगापुढे विचारलं तर खरं सांगा.) खरेदीचा पुरावा म्हणून चिठ्ठी, तुम्ही जीपेने दिलेले 5,800, बँकेचं स्टेटमेंट आणि दुकानदाराचे व्हॉट्सॲप मेसेज पुरतील. 'टायर आणा, दोन नवीन देतो' हा मेसेज तर सोन्यासारखा, कारण तो टायर आपल्याच दुकानातला असल्याचं त्याने स्वतः लिहून दिलंय. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका. प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट, म्हणजे प्रिंट फोनमधल्या मेसेजचीच असल्याचा दाखला, जोडू.

दुकानदार म्हणेल मी बनवला नाही, कंपनीला धरा. कंपनी कुठली, कुठे, कोण जाणे. कायद्याने याचा विचार केलेला आहे, ग्राहक कायद्याच्या कलम 86 प्रमाणे माल बनवणारा कोण ते कळत नसेल किंवा त्याला नोटीस पोचवता येत नसेल तर नुकसानीची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. आणि तक्रारीला कोल्हापूरला खेपा घालायला नकोत. तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात ती दाखल करता येते, म्हणजे तुमच्यासाठी ओरोस, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचं मुख्यालय. मालाची किंमत पाच लाखांच्या आत असल्यामुळे फी शून्य, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही भरता येते, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. (2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, तेव्हा वकील मात्र नीट बघून लावा, आम्ही वकील बदलून मिळत नाही.) मुदत दोन वर्षांची आहे, ती अपघातापासून न मोजता खरेदीपासून मोजा म्हणजे वाद नको. आधी 15 दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, त्यात टायरचे पैसे, विम्यातून न मिळालेला दुरुस्तीचा खर्च, घरच्यांच्या औषधपाण्याचा खर्च आणि मनस्ताप असं वेगवेगळं मांडा. होमस्टेवरून 'हा तर व्यावसायिक वापर' असा मुद्दा तो काढेल, पण त्या दिवशी गाडीत घरचीच माणसं होती, शिवाय स्वतः राबून पोट भरणाऱ्याचा छोटा धंदा कायदा वेगळा धरतो.

आता तुमची कमजोर बाजू. पाच माणसं, बॅगा आणि वर डिकीत नारळाची दोन पोती. हवा शेवटची कधी तपासली तर 'आठवत नाही'. दुकानदार हेच धरणार, की हवा कमी होती आणि वजन जास्त होतं. यावर टायरच उत्तर देईल. कमी हवेवर चाललेल्या टायरच्या आतल्या बाजूला, कडेला गोल पट्टा घासलेला दिसतो आणि आत काळा चुरा पडलेला असतो. तो नसेल आणि नक्षीचा पट्टा पापुद्र्यासारखा सुटलेला असेल तर दोष टायरमध्ये असण्याची शक्यता बरीच वाढते. शेवटी ठरवणार लॅब.

स्कूटरवाल्यांचं प्रकरण वेगळं ठेवा, दुकानदाराच्या भांडणात ते मिसळू नका. 'टायर फुटला, देवाची करणी, माझा काय दोष' हे पोलिसांना किंवा कोर्टात म्हणू नका, चतुर्थीचे दिवस असले तरी गणपतीवर ढकलता येत नाही. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विमा कंपनीचा नेमका हाच बचाव फेटाळलाय, टायर फुटणं ही दैवी घटना नाही, जास्त वेग, कमी-जास्त हवा, वापरलेले टायर अशी माणसाच्या हातातली कारणं असतात, असं म्हणून. म्हणजे त्यांना भरपाई मिळणारच, आणि मिळायलाच हवी, पण ती तुमच्या थर्ड पार्टी विम्यातून. कंपनीला अपघात लेखी कळवला नसेल तर आजच कळवा. दवाखान्यात जाऊन भेटा, माणुसकी म्हणून मदत करा, पण 'सगळी चूक माझी' अशा कागदावर सही नको. तुमच्यावर भारतीय न्याय संहितेचं 281 (बेदरकारपणे गाडी चालवणं) आणि 125 (त्यातून दुसऱ्याला इजा) लावलंय, त्यात बचाव हाच की बेदरकारपणा नव्हता. आरटीओच्या निरीक्षकाने गाडी तपासली असेल, त्या अहवालाची नक्कल मागा, टायरबद्दल त्यात काय लिहिलंय यावर बरंच ठरेल.

विमा कंपनी तोंडी नाही म्हणते ना, मग लेखी मागा, कारणासकट. नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही, पण गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीचे जास्तीत जास्त 50 टक्के मिळतात, आणि पत्रा-काचेचा क्लेम निराळा. गाडी नीट ठेवली नाही असं ते म्हणतील तर जूनमध्येच चारही टायर बदलल्याची तीच चिठ्ठी दाखवायची. ऐकलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, महिनाभरात काही झालं नाही तर विमा लोकपालाकडे, तिथे फी नाही.

नवे टायर घेताना ब्रँड मोठाच हवा असं नाही, नावाजलेल्या कंपनीचं सगळ्यात स्वस्त मॉडेलसुद्धा आयएसआय, बरोबर साईज आणि ताजी तारीख असेल तर आपल्याला पुष्कळ. बसवण्याआधी तारीख वाचा, सहा-आठ महिन्यांच्या आतला मागा. पक्क्या बिलावर मॉडेल, साईज आणि जमलं तर टायरचा सिरीयल नंबर लिहून घ्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्त्यावर पाण्याचा थर असतो, ते पाणी बाहेर फेकायला नक्षीची खोली लागते, कायद्याने कारला कमीत कमी 1.6 मिलिमीटर, पण गगनबावडा किंवा फोंडा घाट पावसात उतरायचा असेल तर मी तीनच्या खाली जात नाही. आणि कुणी सेकंड किंवा कोटिंग केलेला (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) दाखवला तर सरळ पुढचं दुकान.

टायरच्या दुसऱ्या बाजूचा आणि आतला फोटो अजून आलेला नाही, उद्या उजेडात काढून पाठवा, फ्लॅश मारू नका, आकडे पुसट येतात. नोटिशीचा मसुदा तो बघून करतो. दुकानदाराचा फोन आला तर 'वकिलांशी बोलतोय' एवढंच सांगा, आणि पोतं पडवीत नको, माळ्यावर ठेवा.